मावशींचे वेढे

आमच्या नव्या इलेक्ट्रिक रिक्षाचा हॉर्न वाजला की हेडलाइट मिणमिणायचा. "हॉर्न न वाजवता क्रांती चौक कोण ओलांडणार?" कारखान्याच्या मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

एका बॅटरीतून हेडलाइट, हॉर्न आणि मीटर या तिघांना वेगवेगळं व्होल्टेज देणारा कन्व्हर्टर मी डिझाइन केला होता. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये तो अगदी गुणी बाळासारखा वागायचा. म्हणून मी बेधडक सांगून टाकलं, की त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचे वेढे चुकलेत. बिडकीनजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात तारेचे वेढे घालायचं काम एकट्या मावशी करत. मालक म्हणाले, "सोमवारपासून दुसरी बाई बघू."

"सर, मोजूनच घातलेत ओ मी," मावशी एवढंच बोलल्या. मी कानाआड केलं. डिग्रीचा ताठा, दुसरं काय!

शनिवारी डबा खाताना त्यांनी सहज विचारलं, "त्ये तुमचं कंट्रोल बघतंय कुणाकडं?"

मी म्हणालो, "मीटरकडे. मीटरचं व्होल्टेज ढळलं की ते सावरतं."

"आन् बाकीच्यांकडं?" त्यांचं माहेर पिशोरकडचं, घरी मेंढरं. "मेंढीला दोन कोकरं झाली का, एकाकडंच बघून चालत नाय. दुसरं उपाशी राह्यलं तर मेंढी थोडीच सांगतीय?"

माझा घास हातातच राहिला. मॉडेलमध्ये मी प्रत्येक आउटपुट एकेकटं तपासलं होतं, बाकीची दोन बंद ठेवून. डबा तसाच टाकून उठलो आणि मॉडेलमध्ये तिन्ही लोड एकदम चालू केले. स्क्रीनवरची हेडलाइटच्या व्होल्टेजची रेघ झरकन खाली आली. वेढ्यांचा काही संबंधच नव्हता. कंट्रोलला तिन्हींकडे लक्ष द्यायला लावलं, तेव्हा कुठं ती सरळ झाली.

सोमवारी सकाळी मालकांसमोर चूक कबूल केली. लाज वाटली, पण मावशींचं काम टिकलं याचा आनंद मोठा होता. तसाच सांगायला धावलो.

त्यांच्या टेबलावर तांब्याच्या तारेचा ढीग पडला होता. तयार झालेले सगळे ट्रान्सफॉर्मर त्यांनी उलगडले होते आणि एकेक वेढा बोटानं मोजत बसल्या होत्या.

"मावशी, तुमचे वेढे बरोबर होते."

"व्हय?" त्यांनी वर पाहिलं. "तुमी येवढं शिकलेले. तुमी चुकलं म्हणल्यावर मला वाटलं, आपल्याला मोजताच येत नसंल."