कामाची परवानगी

धरमपेठेत आमच्या शेजारी आफ्रिकेतून आलेला एक विद्यार्थी भाड्यानं राहायचा. त्याचं नाव काही माझ्या जिभेवर बसलं नाही, भाषा मात्र त्याची पक्की नागपुरी. इंजिनिअरिंगची डिग्री झाली होती. कोराडीच्या वीज केंद्रात वर्षभर काम करायला त्यानं सरकारकडे परवानगी मागितली होती. उत्तर येईपर्यंत तो गल्लीतले कूलर दुरुस्त करायचा. आमचा केला तेव्हा मी पैसे पुढे केले, तर त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"पैसे घेतले का ते काम होते, काका. मले इथं फक्त शिकाची परवानगी आहे."

आपणच शिकवायचं आणि शिकलेलं हातानं करू द्यायचं नाही, हा कसला कायदा!

परवानगी मिळाली नाही. जायच्या आदल्या दिवशी तो दारात आला.

"काही बिघडलं आहे काय, काका?"

मी नाही म्हणणार, तोच बायको आतून इस्तरी घेऊन आली. "हे चालून नाही राहिली गा."

सकाळीच तिनं त्याच इस्तरीनं माझा सदरा कडक केला होता.

त्यानं प्लग उघडला. नुकतीच ओढून काढलेली वायर पाहिली, मग बायकोकडे पाहिलं.

"मोठं काम आहे, काकू. टाइम लागन," म्हणाला आणि पायरीवर मांडी घालून बसला.