मुंगी न लागलेले पाच मासे

निपाणीच्या हवेत तंबाखू आहे, हे निपाणीच्या माणसाला कुणीतरी सांगावं लागतं. नवखा माणूस सर्व्हिस मोटारीतून उतरताच शिंकतो, आणि गावचा माणूस म्हणतो, "पावण्याला पडसं झालंय जनू." अशा गावात, आण्णाप्पा मालकांच्या वखारीत, मष्णू वयाच्या बाराव्या वर्षापासून तंबाखूचे बोद वाहत होता. बोद म्हणजे गोणपाटात ठासून शिवलेला गठ्ठा, माणसाहून जड आणि माणसाहून मोलाचा. चाळीस वर्षं ते ओझं पाठीवर चढत-उतरत राहिलं, आणि बावन्नाव्या वर्षी मष्णूचा कणा, वाळल्या शेंगेत दाणे वाजावेत, तसा वाजू लागला.

त्याच साली, म्हणजे छत्तीस साली, वखारीचा मुकादम वारला. मुकादम लिंबाखाली स्टुलावर बसतो, हातात काठी धरतो आणि दुसऱ्यांना बोद उचलायला सांगतो. स्वर्ग मष्णूने पाहिला नव्हता, पण तिथे एक स्टूल असणार याबद्दल त्याची खात्री होती.

आण्णाप्पा मालकांना मात्र वेगळ्याच खुर्चीचं वेड लागलं होतं. त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट व्हायचं होतं. बेळगावच्या कॅम्पातला एक कप्तान विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा मालक आरामखुर्ची घ्यायला गेले. आरामखुर्ची एका वकिलाने नेली. मालकांच्या वाट्याला आली एक काचेची पेटी, आणि पेटीत पाच तांबडे मासे. प्रांतसाहेब महिन्याभराने निपाणीला येणार होते, मालकांच्या घरी चहा घेणार होते. साहेबाच्या घरात असतात तसले मासे आपल्याही घरात दिसले की साहेब आपल्याला आपल्यातलाच समजेल, असा मालकांचा हिशेब. ज्या घरात कांदासुद्धा मागल्या दाराने येई, त्या घरात मासे पुढल्या दाराने आले.

पेटी आणायला मष्णूच गेला होता. बेळगाव ते निपाणी, सगळी वाट तो मोटारीत पेटी मांडीवर घेऊन बसला. यमकनमर्डीच्या चढाला मोटार हिसके देऊ लागली तेव्हा त्याने श्वास धरला, आणि उताराला सोडला. थेंबभर पाणी सांडलं नाही. मालक खूश झाले. दिवाणजी केशवराव शेजारी उभे असताना म्हणाले,

"मष्ण्या, हे मासे आता तुझे. साहेब येईपर्यंत पाचच्या पाच जगवलेस, तर मुकादमी तुला."

"लेकरागत बघतो मालक," मष्णू म्हणाला. लेकरांकडे त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं; ती त्याच्या बायकोने वाढवली होती. पण शब्द बरा होता.

पेटी बैठकीच्या खोलीत सागवानी मेजावर बसली. कणकेच्या बाजरीएवढ्या गोळ्या करून मष्णू त्या पाण्यात सोडी, आणि मासे वर येऊन तोंडं उघडीत. दोन दिवस असं सोन्यासारखं गेलं. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या.

साध्या आल्या असत्या तर गोष्ट वेगळी. या मालकांच्या आईच्या, नागुबाई आक्कांच्या मुंग्या होत्या. आक्का रोज सकाळी आंघोळ करून अंगणातल्या वारुळाला साखर-पीठ घालत. तीस वर्षांच्या या खाण्याने तिथल्या तांबड्या मुंग्या वखारीतल्या हमालांपेक्षा धष्टपुष्ट झाल्या होत्या. घरात मुंगी मारायची नाही, हा आक्कांचा कायदा, आणि सरकारचे कायदे पाळण्याआधी मालकांना तो पाळावा लागे. त्या मुंग्या आता मेजाच्या पायांवरून रांगेने चढल्या, कणकेच्या वासाने काचेवर गेल्या आणि पाण्यात पडू लागल्या. पाण्यावर लाल साय धरली. एका माशाच्या कल्ल्याला मुंगी डसून राहिलेली मष्णूने डोळ्यांनी पाहिली.

त्याने दुधाच्या कपाटाला करतात तसं केलं. मेजाचे चारही पाय पाणी भरलेल्या चार पितळी वाट्यांत उभे केले. रांग वाटीपाशी येऊन थांबली. मष्णू समाधानाने वखारीत गेला आणि दुपारी परत आला, तो रांग पुन्हा काचेवर. वाकून पाहतो तर चारही वाट्यांवर तुरीच्या काटक्या आडव्या, आणि त्यावरून मुंग्या वेदगंगेच्या पुलावरून जत्रा जावी तशा चाललेल्या.

"आक्का, ह्या काटक्या कुनी ठेवल्या?"

"मीच रं. बिचाऱ्या बुडत हुत्या. सकाळधरनं सोळा काढल्या मी बोटानं."

"आक्का, त्यांनी वर जाऊ न्हाय म्हणून तर पाणी ठेवलतो."

"मग जाऊ नगा म्हणून सांगायचं. बुडवतोस कशाला?"

"मुंगीला कसं सांगायचं?"

"तुला सांगितलेलं तरी कुठं कळतंय? पर आम्ही बुडवलं का तुला?"

मष्णूने वाट्या काढल्या आणि मेजाभोवती हळदीची जाड रेघ ओढली. हळद मुंगीला सोसत नाही, हे कुणालाही ठाऊक आहे. पण हळदीची रेघ दिसल्यावर तिच्यावर कुंकू वाहिल्याशिवाय राहणं आक्कांना सोसत नाही, हे त्याने हिशेबात धरलंच नव्हतं. संध्याकाळी रेघेवर चार ठिकाणी कुंकू होतं, आणि प्रत्येक कुंकवापाशी गुळाचा खडा. त्या रात्री मालकांच्या बैठकीत मुंग्यांचं जेवण झालं.

दिवाणजी केशवराव शिकलेले. ते म्हणाले, "बेळगावात पिचकारीचं औषध मिळतं, मष्णू. एकदा फवारलं की मुंगी, झुरळ, डास, काही म्हणता काही उरत नाही."

"आनि मासा?"

"त्याबद्दल डब्यावर काही लिहिलेलं नसतं."

"मग नगं," मष्णू म्हणाला. कप्तानाच्या खानसाम्याने त्याला पेटी देताना एवढंच बजावलं होतं, की फवाऱ्याचा वारासुद्धा पाण्याला लागू देऊ नकोस. उभ्या जन्मात मष्णूने एवढी एक गोष्ट नीट ऐकली होती. तिथेच थांबला असता तर आज त्याचं नाव वेगळ्या कारणाने घेतलं गेलं असतं. पण शहाणपणाचा पहिला घोट पोटात गेला की माणसाला दुसरा लागतोच.

वखारीत बायका तंबाखू चाळत, तिथे चाळणीखाली पिवळी भुकटी पडे. ती उकिरड्यावर जाई. त्या उकिरड्यावर किडा-मुंगी कधी फिरकत नाही, हे मष्णू चाळीस वर्षं बघत आला होता. आता त्याला ते दिसलं. त्याने सूपभर भुकटी आणली आणि मेजाभोवती बोटभर उंच बांध घातला. मुंग्या आल्या, मिशा हलवल्या आणि माघारी वळल्या. एकही मेली नाही. आक्का गुडघ्यावर हात टेकून बघत राहिल्या.

"आपल्या पायांनी परत गेल्या. ह्यात पाप न्हाय," त्यांनी निकाल दिला.

मग मष्णूचं काय सांगावं! हाताने पसरलेला तो बांध त्याच्या डोक्यात चढला. रोज सकाळी तो ताजी भुकटी पसरी, बांध तळहाताने थापी, आणि खांद्यावर धुतलेला टॉवेल टाकून वखारीत येई. मुकादमी अजून आठ दिवस लांब होती, पण आवाज येऊन पोचला होता. चाळणीवरच्या बायकांना तो म्हणे, "हात चालवा गं, हात! तोंडं नगा चालवू."

मालुबाई त्या बायकांतली जुनी. ती चाळणी न थांबवता म्हणे, "आलं गं बाई माशांचं मुकादम. पाच मासं राखल्यात, आता पन्नास बायका राखणार."

"साहेब येऊ दे, मग बघ."

"बघू की. साहेबाला काय, मुंग्या दाखवनार का मासं?"

साहेब यायच्या दिवशी मष्णू पहाटेच उठला. बांध नवा घातला, चांगला रुंद. मग त्याला दिसलं, की काचेला आतून हिरवट शेवाळ धरलंय. साहेबाच्या डोळ्याला ते बरं दिसणार नाही. त्याने बाही सरकवली, हात कोपरापर्यंत पेटीत घातला आणि तळहाताने चारही काचा आतून घासल्या. तळाचे खडे चोळले. एकेक मासा ओंजळीत धरून त्याच्याशी दोन शब्द बोलला आणि सोडला. पेटी आरशासारखी लखलखली. मष्णूने पटका बांधला.

घटकाभरात पहिला मासा तिरका पोहू लागला. मग काचेवर आपटू लागला. दुसरा गोल गोल फिरला आणि पोट वर करून थांबला. मष्णूने धावत जाऊन बांध तपासला. बांध शाबूत होता. पाण्यात वाकून पाहिलं. एक मुंगी नव्हती. मालुबाई अंगण झाडायला आली होती, तिला त्याने हाक मारली. अशी हाक त्याने कुणाही बाईला पूर्वी मारली नव्हती.

ती पदर खोचत आली, बांध पाहिला, पेटी पाहिली, मग त्याचे हात.

"हेच हात घातलास पाण्यात?"

"मग कुनाचं घालू?"

"धुतलास का?"

"पाण्यातच तर घातलो की!"

मालुबाईने त्याची भुकटीने पिवळी झालेली बोटं त्याच्याच डोळ्यांपुढे धरली. "अरं मुडद्या! आमी चाळणीवरनं उठलो की पैलं चिंचेनं हात घासतो, मग लेकराला पाजतो. न्हाय घासलं तर लेकरू पांढरं पडतंय, वकतंय. वखारीतली एकेक बाई जाणतीया. तुला कुनी सांगितलं न्हाय?"

"मला कोन सांगनार?"

"इचारलंस कवा?"

विचारण्याची गोष्ट खरीच होती. घरात सहा लेकरं वाढली, सहाही वेळा बायको चाळणीवरून येऊन दारात बसून चिंच चोळत होती, आणि मष्णू तिला उशीर होतोय म्हणून ओरडत होता.

पाणी बदललं, पण उपयोग झाला नाही. चार वाजता साहेब आले, तोवर पाचही मासे तरंगत होते. मालक खोलीच्या दारात दात-ओठ खात म्हणाले, "खाली दाब त्यास्नी! झोपल्यात म्हणून सांगू."

तेवढी पाळी आली नाही. प्रांतसाहेब बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत आले, मष्णूच्या रुंद बांधावरून वाऱ्याची झुळूक आली आणि साहेब शिंकले. तीनदा शिंकले, चौथ्यांदा शिंकताना मागे सरले, आणि चहा त्यांनी बाहेर ओसरीवर घेतला. गटारांची चौकशी केली, घड्याळ पाहिलं आणि गेले. पेटीकडे त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मालक पुढे ऑनररी मॅजिस्ट्रेट झालेच. माशांचं त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

साहेबाची मोटार वळणाआड गेल्यावर मष्णू ताठ उभा राहिला. "मालक, पाचांतल्या एकाला तरी मुंगी लागलीया का? दावा."

"मासं मेलं रं, मुडद्या!"

"मेलं. पर मुंगीनं न्हवं."

"मुंगीनं खाल्लं असतं तर ते मुंगीचं पाप झालं असतं. आता कुनाचं?"

आक्का आतून म्हणाल्या, "माज्या मुंग्यांचं नाव घिऊ नगा."

मुकादमी मालकांच्या मेव्हण्याला मिळाली. त्याला तंबाखूने शिंका येत, म्हणून त्याचं स्टूल लिंबाखालून रस्त्याकडेला नेण्यात आलं.

मालक मूर्ख नव्हते, फक्त मोठे होते. ज्या भुकटीने मुंगी वळली आणि मासा मेला, ती उकिरड्यावर जाते हे त्यांना झोंबलं. पुढच्या हंगामात भुकटी पोत्यांत भरून वांग्या-मिरच्यांच्या किडीवर विकायला निघाली. अकोळचा, बेनाडीचा शेतकरी गाडी घेऊन येऊ लागला. भुकटी कशी टाकायची, किती टाकायची, वारा कुठला बघायचा, हे सांगायला मालक मष्णूला बोलवत, कारण दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. त्या कामाचं नाव मात्र काही ठेवलं नाही.

मष्णू सगळं सांगे, हळूहळू, मुकादमाच्या थाटात. शेवटी म्हणे, "आनि घरला गेल्यावर चिंचेनं हात घासा. लेकराला, दुभत्या म्हशीला, पाण्याच्या रांजणाला तसाच हात लावू नगा."

"मष्ण्या, गिऱ्हाईक भ्यालं तर?" मालक आतून ओरडत. "तोंड मिट."

मष्णू तोंड मिटे. मग पोतं उचलून गाडीपर्यंत नेई, ते गाडीत नीट लावायचं निमित्त करून शेतकऱ्याच्या कानाशी वाके आणि म्हणे, "चिंच घरात हाय न्हवं? न्हाय तर मालुबाईकडनं घिऊन जा."