शिळं पाणी आणि बोटीवरचे तीन हिवाळे

नगरला आमच्या सावेडीतल्या मैत्रिणी म्हणतात, "सुमन, मज्जा आहे बाई तुझी! थंडी पडली की तू आपली बेटांवर!" मग मी एक किस्सा सांगते. त्यावरून दुसरा आठवतो, दुसऱ्यावरून तिसरा, आणि चहा गार होईपर्यंत माझा आवाज इतका चढतो की समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडकीत येतात. शिडाच्या एका बोटीवर चार माणसं तीन हिवाळे कोंडून ठेवा, किस्से नाही साठणार तर काय!

चार माणसं म्हणजे मी, आमचे हे, साळवे आणि वन्सं. हे आणि साळवे भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ट्रक दुरुस्त करता करता रिटायर झाले. साळवेंना नोकरीत कधीतरी शिडाची बोट चालवायला शिकवलं होतं. तेवढ्या भांडवलावर दोघांनी अंदमानात एक जुनी बोट घेतली! नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिच्यावर राहायचं आणि या बेटावरून त्या बेटावर हिंडायचं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, श्रीगोंद्याची. एकट्याच असतात, म्हणून त्याही बरोबर.

मला कुणी विचारलं? छे! दारावरची बेल वाजली, उघडलं, तर एक अनोळखी बाई सरळ माझ्या किचनमध्ये शिरली आणि म्हणाली, "ओटा छोटा आहे, पण चालवून घेऊ."

ह्यांनी हिवाळ्यापुरता आमचा फ्लॅट भाड्याने दिला होता. "बोटीचा खर्च निघतो गं," म्हणे.

*

साळवे जमिनीवर अगदी गरीब माणूस. सुनेसमोर दुसऱ्यांदा चहा मागायची छाती नाही. पण बोटीवर पाय पडला की कॅप्टन! गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे दोर ओढा, दोन म्हणजे डोकी खाली, कारण शीड फिरताना त्याचा आडवा दांडा कपाळमोक्ष करतो.

एकदा मी खाली भाकरी थापत होते. बोट अशी कलंडलेली की तवा एकीकडे आणि मी एकीकडे. तेवढ्यात लांबलचक शिट्टी! पिठाच्या हातांनी शिडी चढून धापा टाकत वर आले. "काय झालं?"

"काही नाही वहिनी, चारची चहाची वेळ झाली."

मी त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि समुद्रात भिरकावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शिट्टी! मेल्याने डझनभर आणल्या होत्या.

*

वन्संना समुद्र पहिल्या दिवसापासून पटला नाही. गुडघे गेलेले, शिडी चढायची तर आम्ही दोघांनी धरायचं. वर येऊन बसायच्या, चहूकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "एवढं पानी, आन् उसाचं एक टिपरू बी भिजत न्हाई. काय करायचंय ह्याला?"

प्यायचं पाणी मात्र मोजून. टाकीतलं पाणी पायाने पंप दाबून काढायचं, खटाखट खटाखट, तेव्हा कुठे तांब्या भरणार. शिवाय जादा म्हणून दोन कॅन. साळवेंचा नियम होता, "बोट बंदरावर परत फिरणार फक्त दोन कारणांनी. कुणी आजारी पडलं तर, नाहीतर पाणी संपलं तर."

आता आपल्या घरची रीत काय? नळ एक दिवसाआड. पाणी आलं की आधी कालचं शिळं ओतायचं, भांडी घासायची, मग ताजं भरायचं. वन्संचा सगळा जन्म त्यात गेलेला. दुसऱ्या हिवाळ्यात एके सकाळी पाऊस आला. साळवेंनी ताडपत्री बांधली, "पाणी आलं, पाणी आलं!" म्हणून नाचायला लागले. वन्संनी ते ऐकलं आणि दोन्ही कॅन समुद्रात ओतून, घासून, ताडपत्रीखाली लावले.

पाऊस पाच मिनिटांत थांबला.

साळवे इतके ओरडले की माशांनी ऐकलं असेल. हेही ओरडले, थोरल्या बहिणीवर! वन्सं जागच्या हलल्या नाहीत. "आठ दिसाचं शिळं पानी पिता व्हय रं? मानसं हाय का जनावरं?"

*

आता नाताळचं. आमच्या चर्चची कॅरलची मंडळी चोवीस तारखेला घरोघर फिरतात. आमच्या दारात शेवटचं गाणं, मग करंज्या आणि चहा. लग्न होऊन आले तेव्हापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. बोटीवरच्या दुसऱ्या नाताळला एका बेटाजवळ मोबाईलला रेंज मिळाली आणि भाडेकरीणबाईंचा फोन आला.

"काकू, ढोलकी घेऊन बरीच माणसं आली होती. मी सांगितलं, वर्गणी दिली आहे, आणि दार लावून घेतलं. बरोबर केलं ना?"

मी फोन ठेवला आणि रडले. रागाने रडले. डोलकाठीवर लावायला मी घरून कागदाची चांदणी नेली होती, आत दिवा लावायची. साळवे म्हणाले, "वहिनी, वर नको, दुसऱ्या बोटींचा गोंधळ होतो." मग ती चांदणी स्टोव्हशेजारी, कांद्यांच्या पिशवीवर लटकली.

वन्सं तिच्याकडे बघत होत्या. "सुमन, माज्या घरात भाडेकरू न्हाईत," एवढंच म्हणाल्या.

*

तिसऱ्या हिवाळ्याला निघतानाच मी बजावलं, "ह्या वेळी नाताळला मी नगरात असणार. माझ्या माणसांत. घर नसलं तर चर्चच्या पायरीवर बसेन." हे म्हणाले, "बघू."

डिसेंबर उजाडला आणि साळवेंनी नकाशा पसरला. लांबचं एक नवीन बेट. परत कधी? "नवीन वर्षात, वहिनी. निवांत!" ह्यांच्याकडे बघितलं, तर हे नकाशा बघत होते. मी बोलणं बंद केलं. तसं मी यापूर्वीही केलं होतं, पण या वेळी ह्यांना जेवायलाही हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी माझा राग घालवायचा म्हणून दोघं मला छोट्या होडीतून किनाऱ्यावर घेऊन गेले. पांढरी वाळू दाखवली, शंख दाखवले. मी कशालाही चांगलं म्हटलं नाही. वन्सं आल्या नाहीत. "गुडगा लई ठणकतोय, तुमी जा."

दुपारी परत आलो. साळवेंनी पाण्यासाठी पंप दाबला. खटाखट खटाखट. थेंब नाही. टाकीचं झाकण उघडलं, तर आत कोरडा ठणठणाट! एक कॅनही उताणा. दुसरा मात्र गच्च भरलेला, झाकण आवळून, वर माझा टॉवेल बांधलेला. पोर्ट ब्लेअर बंदरापर्यंत चौघांना पुरेल एवढा.

"टाकी कुणी रिकामी केली?" साळवे किंचाळले.

"म्या," वन्सं म्हणाल्या. "शिळं झालं हुतं."

"अहो, पाऊस कुठाय? ताजं कुठून भरणार?"

"त्ये तुजं तू बघ. कॅप्टन हायेस न्हवं?"

साळवेंनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. वर जाऊन त्यांनी नांगर उचलला. ह्यांनी बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप दोर ओढायला गेले. बोट वळली.

वन्सं पंपाशेजारी खाली बसल्या होत्या. सकाळी नुसता ठणकणारा उजवा गुडघा आता सुजून टम्म झाला होता.

"सुमन," त्या म्हणाल्या, "माज्या पिशवीतला बाम दे गं जरा."