मुंग्यांनी आधी नेलेला भुंगेरा
कुंडी हलवली आणि खालून मुंग्या आपली पांढरी पिल्लं तोंडात धरून पळाल्या, की मला तळा गावाबाहेरचा आमच्या भातशेताचा बांध आठवतो. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. प्रोजेक्टसाठी मी बांधावरचं वारूळ उकरत होते आणि धाकटी बहीण बाटली धरून बसली होती. उघड्या पडलेल्या अळ्या उन्हात वळवळत राहिल्या, पण मुंग्या आधी एका तांबूस भुंगेऱ्याकडे धावल्या आणि त्याला मिशीला धरून आत ओढू लागल्या. “ताई, सोताची पोरं टाकून याला का नेतात?” “त्याचं अंग चाटायला त्यांना आवडतं. तो त्यांचीच पोरं खातो,” मी ऐटीत सांगितलं. “आन् यांना कळत न्हाय?” “न्हाय.” ती माझ्याकडे बघतच राहिली. माझं कॉलेज चालावं म्हणून त्याच वर्षी तिची शाळा सोडवून तिला शेतात घेतलं होतं. तेवढ्यात आईने भाकरीचं फडकं सोडलं आणि तिला म्हणाली, “शिकणारीला आधी वाढ गं.” बहिणीने भाजलेल्या बोंबलाचा मोठा तुकडा माझ्या भाकरीवर ठेवला. पदवीचा मला आजही अभिमान आहे. पण तो तुकडा मी तिच्यासमोर सगळा खाल्ला, आणि मला तो फार आवडला.