शेवाळे सरांची हिरवी खूण

कांदाचाळीवरच्या माझ्या प्रबंधात मी मुंबईचे भाडेकरू घुसवले, ही कबुली आधीच देऊन टाकते. माहेर कळवणचं, लहानपण कांद्याच्या चाळीत लपाछपी खेळण्यात गेलेलं. पण तीन वर्षांपूर्वीची मी, म्हणजे तशी तरुणच, एकसष्टची, नातीने एआय दाखवल्यावर अशी हुरळले की विचारू नका. चाळीतल्या हवेवरचे शोधनिबंध दे, असं इंग्रजीत टाईप केलं की चहाला उकळी फुटायच्या आत यादी हजर, वर सारांशही! निबंध उघडून बघायचे कष्ट कोण घेतो?

शेवाळे सर घ्यायचे. नाशिकच्या आमच्या कॉलेजचे ते ग्रंथपाल. प्रबंधाची संदर्भसूची आली की एकेक निबंध शोधून पान उघडायचे, मगच नोंदीपुढे हिरव्या शाईची बारीक खूण करायचे. एका प्राध्यापकांनी घाई केली, तर म्हणाले, “सर, भेंडी घेताना शेंडा मोडून बघता ना? मग निबंध काय असाच पिशवीत टाकू?”

माझी यादी मात्र त्यांनी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, खिडकीपाशी नेली. मग हळूच म्हणाले, “ताई, कुणाला बोलू नका. अक्षरं दिसेनाशी झालीत. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी खूप. निवृत्तीला चार महिने उरलेत. तुम्ही पाहिलेत ना सगळे निबंध?”

“हो तर!” मी म्हणाले. अगदी ठसक्यात.

मी नोंदीवर बोट ठेवत गेले, ते खूण करत गेले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, “मॅडम, हा निबंध मुंबईतल्या चाळीवर आहे. एका खोलीत सहा माणसं. कांदे कुठे ठेवले यांनी?” सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी दुसरी नोंद वाचली. “आणि हा निबंध जगात कुठेच नाही.” तो एआयने मनानेच रचला होता. आता कुणी हसलं नाही.

मला प्रबंध सुधारायला मुदत मिळाली. सरांना प्राचार्यांनी बोलावलं. “माझीच नजरचूक,” एवढंच ते म्हणाले. निरोप समारंभात मागच्या रांगेत कुजबुज चालली होती, “शेवटी शेवटी न बघताच खुणा करायचे म्हणे!” माझ्या हातात पेढा होता, तो तसाच राहिला. मी सरांना फसवलं असं सांगावं, तर लगेच पुढचा प्रश्न येणार, सरांनी स्वतः का नाही पाहिलं?

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पंचवटीतल्या घरी गेले. म्हटलं, “सर, आता मी प्राचार्यांना सगळं खरं सांगून टाकते.”

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“नको, ताई. निष्काळजी म्हणतायत ना, म्हणू द्या. ‘बिचारे’ म्हटलेलं मला सोसायचं नाही.”