शेतात रुजलेला मुद्देमाल

पोलादपूरला फौजदार असताना हाताळलेली रोपांची चोरी माझ्या मनातून जात नाही. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. कापडे गावची एक विधवा पोलीसपाटलाबरोबर ठाण्यात आली. लावणीला आलेली तिची भाताची रोपं कोणीतरी रात्रीत उपटून नेली होती. लावणी चुकली तर वर्षभर खायचं काय, एवढंच ती विचारत होती.

माझी पद्धत ठरलेली : आधी जागा, मग माणसं, मग जबाब. पंचनामा चालू असताना पाटलानं हळूच सांगितलं, शेजाऱ्याची रोपं ओढ्याच्या पाण्यात वाहून गेली, तरी त्याचं शेत आज हिरवं दिसतंय.

"दासगावच्या मेव्हण्यानं दिली, साहेब," शेजारी म्हणाला.

मी एक रोप उपटून त्याच्यापुढे धरलं. बुंधा जांभळा. तसं बियाणं गावात फक्त त्या बाईकडे होतं, तिच्या माहेरचं.

त्यानं कबूल केलं. "मीच नेली. मागायला तोंड नव्हतं." गेल्या वर्षी बांधावरून भांडून त्यानं तिच्याशी सावड मोडली होती, एकमेकांच्या लावणीला जाणं बंद होतं.

आता मुद्देमाल जप्त करायचा, तर रोपं उपटावी लागणार आणि ठाण्यात ती सुकून जाणार. मी विचार करतोय तोवर बाई चिखलात उतरली.

"केवढी दाट लावलीस रे. चोरलीस ती चोरलीस, लावायची तरी नीट. अर्धी काढ आणि माझ्यात लाव."

त्यानं माझ्यापुढे हात केले. "मला ठाण्यात न्या, साहेब. वहिनीचे उपकार नाय सोसायचे."

"तू तिकडं बसून आयता भात खाशील. माझी लावणी काय साहेब करतील?"

हवालदार हसला. तक्रार पुढे कोर्टात रीतसर तडजोडीनं मिटली.

दुसऱ्या दिवशी जबाबासाठी गेलो, तर तो तिच्या शेतात राबत होता. दुपारी तिनं भाकरी पुढे केली. तो शिवेना, लांब बांधावर जाऊन बसला. तिनं आग्रह केला नाही.

"कोरडी भाकरी गिळत नाय. तुझ्याकडं कांदे हायत ना? आण जा."

तो जवळजवळ पळतच गेला. धोतराच्या सोग्यात कांदे घेऊन आला, एक बुक्कीनं फोडून आधी तिला दिला, आणि मग तिच्याजवळ बसून भाकरी खाल्ली.

नोकरीत मी कितीतरी जणांना समज देऊन सोडलं होतं. त्यातले बरेच पुढे मला बघून वाट बदलायचे. त्याचं कारण मला त्या बांधावर कळलं. त्यानंतर सोडलेल्या माणसाच्या गावावरून जाताना मी मुद्दाम त्याच्या दारात थांबायचो आणि प्यायला पाणी मागायचो. तहान असो वा नसो.