लोकल पत्ता

सोमवारी सकाळी माझी पत्नी गेली. तेव्हा मी कल्याणजवळच्या मोहन्याहून, आमच्या घरून, ठाण्याला जायला निघालो होतो.

ठाण्यात नौपाड्याला ती ॲडमिट होती त्या हॉस्पिटलसमोर एक स्वस्त लॉज आहे. आयसीयूबाहेर रात्री कोणाला थांबू देत नसत, म्हणून मी रोज संध्याकाळी तिथे खोली मागायचो. मॅनेजर सतत काउंटरची काच पुसत असायचा. आवाज मऊ, प्रत्येक वाक्यात 'काका'. माझं आधार कार्ड तो दोन बोटांनी परत सरकवायचा.

"पत्ता कल्याणचा आहे, काका. लोकल माणसाला रूम देत नाही आम्ही. घर असताना लॉज कशाला लागतो?"

"समोर माझी बायको ॲडमिट आहे हो."

"इथे सगळे बायकोच सांगतात, काका," असं हसत म्हणून तो माझ्यासाठी चहा मागवायचा. मी सत्तरीचा आहे. तो चहा मी कधी घेतला नाही; रोज रात्री मोहन्याला परत जायचो.

ती गेल्यावर हॉस्पिटलचे कागद आणायला गेलो, तेव्हा तो रस्ता ओलांडून आला. "काकू कशा आहेत?"

मी सांगितलं. तो खरोखर कळवळला. "आधी नीट बोलायचं ना, काका. ॲडजस्ट केलं असतं."

मोहन्याच्या घरात आता मी एकटा असतो. त्या माणसावरचा माझा राग गेलेला नाही.